उंबऱ्याबाहेर काढलेला बूट

मला घरात स्वस्थ बसता येत नाही, हे डॉक्टरांना सांगायला मी चार आठवडे घेतले. आधी सांगितलं असतं तर माझ्या पायातलं एक हाड कदाचित वाचलं असतं. पण त्यांनी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची मला सवय नाही.

ताई चैत्रात गेली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिचा नवरा लवकर गेला, मी लग्न केलं नाही. राहात्याच्या शाळेत मला ग्रंथपालाची नोकरी लागली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि मग आम्ही दोघीच राहिलो. ती गेल्यावर मला बसवेनासं झालं. खुर्चीत टेकलं की दोन मिनिटांत उठावंसं वाटे. उठलं की बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या दारापर्यंत, पुन्हा पुढे. हातात पुस्तक असे, पानात बोट अडकवलेलं. ते पान आठवडाभर तेच असे. जेवायचेही मी उभ्याउभ्याच, ओट्याला टेकून.

वैशाख संपत आला होता. एका सकाळी फरशीवर ओले डाग दिसले, बोराएवढे, एकाआड एक, बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत. पाणी सांडलं असेल म्हणून पुसायला गेले तर फडक्याला पिवळट तांबूस रंग आला. चार पावलं चालून मागे पाहिलं. पुन्हा डाग. खाली बसून उजवा पाय उलटा केला. अंगठ्याखाली, चवड्यावर, कातडी फाटून आत खड्डा पडला होता. मला काहीच कळलं नव्हतं.

पंधरा वर्षांची शुगर आहे माझी. पावलं हळूहळू बधिर होत गेली. रस्त्यात चप्पल पायातून निसटायची आणि मी तशीच पुढे जायचे. ताई मागून ओरडायची, "अगं, एक पाय मागे राहिला तुझा!"

जखम कुठे झाली हे आठवायला फार वेळ लागला नाही. आमचं मूळ गाव नेवाशाजवळ, म्हणून ताईचा दहावा प्रवरेच्या घाटावर केला. चपला वर झाडाखाली काढल्या होत्या. चुलतभावाने पिंड ठेवले आणि कावळा येईना. अकरा वाजून गेले. ऊन असं होतं की माणसं एकेक करून सावलीत सरकली. चुलतभाऊ म्हणाला, "तिचं काही राहिलं असेल तर मनात बोला कोणीतरी." मी दगडावर उभी राहून मनात ताईची माफी मागत होते. भावजय लांबून म्हणाली, "आक्का, इकडे या, पाय भाजतील!"

"नाही भाजत," मी म्हणाले. आणि खरंच भाजत नव्हते.

पायांचे डॉक्टर दर बुधवारी नाशिकहून शिर्डीला येत. देवळामागच्या हॉटेलांच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. त्या गावात सगळेच दिवसभर उभे असतात. फुलांच्या दुकानातले, प्रसादाच्या दुकानातले, रांगेवरचे पहारेकरी, हॉटेलातले वाढपी. बाहेरच्या बाकावर हेच लोक बसलेले असत, कोणाची टाच धरलेली, कोणाचा घोटा सुजलेला.

डॉक्टर चाळिशीचे, घाईने बोलणारे. त्यांनी मला आडवं केलं आणि नायलॉनचा एक ताठ धागा दाखवला. "डोळे मिटा. हा तळव्याला टेकला की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटून वाट पाहिली. बराच वेळ झाला. शेवटी मीच म्हणाले, "करा ना सुरू."

"झालं, मॅडम. दहा ठिकाणी टेकवला."

मग त्यांनी जखमेभोवतीची मेलेली कातडी पात्याने कापून काढली. भूल दिली नाही, गरजच नव्हती. मी मान उचलून बघत होते, दुसऱ्या कोणाच्या तरी पायाकडे बघावं तशी. ड्रेसिंग झाल्यावर त्यांनी एक विचित्र बूट समोर ठेवला. टाचेखाली जाड तळ, पुढे काहीच नाही. चवडा अधांतरी राहील आणि सगळा भार टाचेवर येईल, अशी त्याची रचना.

"जखम औषधाने भरत नाही, भार काढल्यावर भरते," ते म्हणाले. "या बुटाशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही. शक्यतो बसून राहायचं. काही वाचता का?"

"ग्रंथपाल होते."

"मग काय! बसायची प्रॅक्टिस असलेला पेशंट मिळायला नशीब लागतं." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि न बघता पुढे म्हणाले, "नाही बसलात तर जखम हाडापर्यंत जाते. मग अंगठा काढावा लागतो. अंगठा गेला की चालण्याचा तोल जातो, मग दुसऱ्या पायावर भार येतो. तेवढं लक्षात ठेवा."

मी लक्षात ठेवलं. खरोखर ठेवलं. त्या दिवसानंतर मी घराबाहेर बुटाशिवाय एक पाऊल टाकलं नाही.

दर बुधवारी माझ्याच वेळेला एक मावशी येत. राहात्यापलीकडच्या एका वस्तीवरच्या, पेरूची बाग असलेल्या. त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं आधीच गेली होती आणि त्या जागची जखम अजून ओली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोन गेलं?"

"बहीण. थोरली."

"मंग बसा की. हुभ्या का? बाकाला काटं हायेत का?"

"बसवत नाही."

"माजं बी तसंच हुतं. पेरू तोडायला जाते, पाटाला पानी बघाया जाते. दोन बोटं कापली तवा डाक्टर म्हनला, आता बसा. म्या म्हनलं, आधी सांगायचं हुतं." शेजारचा फुलवाला हसला, तशा त्या त्याच्याकडे वळल्या. "तू हसू नको. तुजी टाच बी जायाची हाय." मग पुन्हा माझ्याकडे. "आता घरात बसून सुनंला हुकूम सोडते. लई बरं हाय."

असे तीन बुधवार गेले. सिस्टर कागदी पट्टीने जखम मोजायच्या आणि डॉक्टरांना आकडा सांगायच्या. आकडा तोच राही. एकदा तर वाढला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, शुगर पुन्हा तपासायला लावली. शुगर व्यवस्थित होती. "मला कळत नाही," असं ते एकदा स्वतःशीच म्हणाले. मला वाईट वाटलं. सांगितलेलं सगळं मी करत होते आणि तरी माझ्यामुळे एका माणसाला आपलं काम आपल्याला नीट येत नाही असं वाटत होतं.

चौथ्या बुधवारी सिस्टरांनी पायाची पट्टी उलगडली आणि थांबल्या.

"मॅडम, पट्टीच्या तळाला हे काय लागलंय?"

डॉक्टर वाकले. करड्या रंगाचा एक थर होता. त्यांनी नखाने खरवडला.

"बाजरीचं पीठ असेल," मी म्हणाले. "सकाळी भाकरी केली."

"पीठ पायाखाली कसं येईल? बूट होता ना पायात?"

"बूट बाहेर होता."

"बाहेर म्हणजे?"

"दारात. स्टँडवर."

डॉक्टर आणि सिस्टर दोघे माझ्याकडे बघत राहिले. मलाच समजेना की न समजण्यासारखं यात काय आहे. म्हणून मी खुलासा केला, "घरात कसा घालणार बूट?"

पडद्यापलीकडून मावशींचा आवाज आला. "आगं बया! एवढी शिकल्याली बाई!"

डॉक्टर स्टुलावर बसले. आजवर मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. "मॅडम, मी काय म्हणालो होतो?"

"बुटाशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही."

"मग?"

"नाही टाकलं. बाहेर."

"आणि घरात किती चालता?"

तेव्हा मी सांगितलं. सकाळी उठल्यापासून, बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मागचं दार, पुन्हा बाहेरची खोली. दुपारी जास्त. चार ते साडेपाच तर अजिबात थांबता येत नाही. सांगताना लक्षात आलं की बाहेर मी आठवड्यातून एकदाच जाते, इथे यायला, आणि रिक्षातून.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक माझी आहे. 'घरातसुद्धा' म्हणायला पाहिजे होतं. आमच्या आईलाही म्हणावं लागलं असतं."

लगेच एक्स-रे काढला. अंगठ्याखाली वाटाण्याएवढी दोन छोटी हाडं असतात, हे मला तेव्हा समजलं. त्यातल्या एकाची कड कुरतडल्यासारखी दिसत होती. "हे पुढच्या बुधवारी काढू. घोट्यात इंजेक्शन देऊन, अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. हे काढलं आणि तुम्ही खरोखर बसलात, तर अंगठा राहील. नाही बसलात, तर त्याच्या पुढचं ऑपरेशन अंगठ्याचं. बूट घरात. स्वयंपाकघरात. बाथरूममध्ये. देवासमोरसुद्धा."

"हो," मी म्हणाले.

रिक्षा घरासमोर थांबली. मी बूट घालून उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे थांबले.

ताई फरशी दिवसातून दोनदा पुसायची. पाहुणा असो, प्लंबर असो, मीटर बघायला आलेला माणूस असो, दारात चपला काढल्याशिवाय आत आला नाही. एकदा तापात मला तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही तिने सांगितलं होतं, "साहेब, तेवढं पायातलं..." आणि त्यांनी मुकाट्याने काढलं होतं. या घरात पायताण घालून माणसं एकदाच आली. चैत्रातल्या त्या दुपारी, रुग्णवाहिकेची. दोघे होते. बूट घालूनच धावत स्वयंपाकघरात गेले आणि तिला घेऊन गेले. संध्याकाळी मी दवाखान्यातून परत आले तेव्हा फरशीवर त्यांच्या बुटांचे ठसे होते, आत जाणारे आणि बाहेर येणारे. बाहेर येणारे जास्त ठळक. मी बादली घेऊन ते पुसले. सगळ्यात आधी मी ते केलं, कोणाला फोन करण्याच्याही आधी.

उंबऱ्यात मी किती वेळ उभी होते कोण जाणे. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, "किल्ली हरवली का?" मी नाही म्हणाले, बूट काढला, स्टँडवर ठेवला आणि भिंतीला धरून टाचेवर आत गेले.

तो आठवडा वाईट गेला. खुर्चीत बसायचे आणि उजवा पाय स्टुलावर ठेवायचे. चार वाजले की उठायचे. टाचेवर चालले तर चालेल, असं स्वतःला समजवायचे, आणि तिसऱ्या फेरीला पाय आपोआप पूर्ण टेकलेला असायचा. रात्री पट्टी बघायचे आणि न बघितल्यासारखं करून झोपायचे. अंगठा जाईल याची भीती मला होती. खूप होती. पण ती बसलेली असतानाच वाटायची, चालायला लागलं की नाही.

बुधवारी मावशी माझ्याआधी येऊन बसल्या होत्या. "घातला का घरात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"का वो? कोन हाय आता बोलायला?"

"तिचंच घर आहे ते. तिनं कधी चालू दिलं नसतं."

मी त्यांना बुटांच्या ठशांबद्दल सांगितलं नाही. पण मावशी यावर हसल्याही नाहीत. त्या विचारात पडल्या, बी-बियाण्याबद्दल कोणी सल्ला विचारल्यासारख्या.

"आमच्या सुनंनं काय केलं सांगू? ती बी लई कडक. बूट नवाकोरा हुता, भुईला टेकला बी न्हवता. तिनं त्यो देवापुढं ठिवला, हळदकुकू व्हायलं, नि म्हनली, 'आत्या, आता ह्यो घरातला झाला. घाला.'"

"बुटाला हळदकुंकू?"

"गाडी घिऊन आलं की तिला वाहता का न्हाई? मंग हे बी वाहनच की. तुमचा तर रस्त्यावरनं हिंडून आलाय, त्यो न्हाई चालायचा. दुसरा घ्या. एक भायेरचा, एक घरातला." आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "डाक्टर, बाईंला दुसरा बूट काढून ठिवा!"

सिस्टरांनी मला आत नेलं. घोट्याभोवती चार-पाच इंजेक्शनं दिली, ती मात्र वरच्या बाजूला थोडी दुखली. पोटावर हिरवा पडदा लावला. डॉक्टर पडद्यापलीकडे गेले, सिस्टर माझ्या उशाशी उभ्या राहिल्या. ताई गेल्यापासून मी जागेपणी इतका वेळ पहिल्यांदाच आडवी होते.

"पाय हलवू नका, मॅडम," डॉक्टर म्हणाले.

"मी नाही हलवत."

"डावा हलतोय."

खरंच हलत होता. चालल्यासारखा, टाच घासत. सिस्टरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "एवढी कुठे निघालात?"

उत्तर द्यायचं नव्हतं, पण पडद्यामुळे असेल, समोर कोणाचा चेहरा नसल्यामुळे असेल, मी बोलले. "चार वाजता तिनं हाक मारली. चहाची वेळ. मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. 'आले' म्हणाले."

"मग?"

"पान संपवलं. मग पुढचंही अर्धं वाचलं. नेहमीच असं व्हायचं. ती दुसऱ्यांदा हाक मारायची, मग मी उठायचे. तिनं दुसऱ्यांदा मारली नाही."

सिस्टरांचा हात माझ्या गुडघ्यावरच होता.

"गेले तेव्हा ती ओट्याखाली बसली होती, भिंतीला टेकून. गॅस बंद होता."

"गॅस त्यांनीच बंद केलेला?"

"हो. दुसरं कोण?"

"म्हणजे बरं नाही हे कळल्यावर आधी त्यांनी गॅस बंद केला," सिस्टर म्हणाल्या. "आमच्या सासूबाई अशाच होत्या."

मला वाटलं होतं, कोणाला सांगितलं तर तो माणूस 'तुमचा काय दोष' असं म्हणेल आणि ते मला सहन होणार नाही. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी गॅसबद्दल विचारलं आणि मी इतके महिने त्या गॅसचा विचारच केला नव्हता. ती खाली बसण्याआधी हात वर करून बटण फिरवताना मला दिसली.

"आता दोन्ही पाय शांत आहेत," पलीकडून डॉक्टर म्हणाले. "असंच राहू द्या." थोड्या वेळाने त्यांनी स्टीलची वाटी माझ्यापुढे धरली. तळाशी एक तांबूस करडा तुकडा होता. "हे बघा. हे होतं."

संध्याकाळी पाचला मी घरासमोर होते. जुना बूट पायात, नवा पिशवीत. समोरच्या वहिनी खाली आल्या. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाय टेकूच नका," आणि आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणायला गेला. जाताना दारात चप्पल काढून गेला. जुना बूट बाहेरच काढून ठेवला, आणि त्याने आणि वहिनींनी मला खुर्चीसकट उचलून आत नेलं.

"खुर्ची कुठे ठेवू?" वहिनींनी विचारलं.

"देवासमोर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण खुर्ची तिथे ठेवली. त्या गेल्यावर मी पिशवीतून नवा बूट काढला आणि कुंकवाचा करंडा पुढे ओढला. मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, शाळेत मुलांना अंधश्रद्धेवरची पुस्तकं शोधून दिली. ताई असती तर म्हणाली असती, "एवढी शिकलीस, आणि हे?" आणि पुढच्याच वाक्यात, "वरून काय लावतेस? तळाला लाव, फरशीला तळ टेकतो."

मी तळाला लावलं. मग बूट पायात घातला, पट्टे आवळले आणि उभी राहिले. पहिल्या पावलाला फरशीवर ठक असा आवाज झाला. घरात असा आवाज कधी झाला नव्हता. मी बाहेरच्या खोलीपर्यंत गेले, सात पावलं, आणि खुर्चीत बसले.

बसणं त्यानंतर सोपं झालं, असं मात्र नाही. पहिले काही दिवस चार वाजता मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. आतून काहीच ऐकू यायचं नाही आणि तरी उठून बघावंसं वाटायचं. कधी उठायचेही. पण त्या बुटात चालणं कष्टाचं होतं, कंबर भरून यायची, ठक ठक आवाज घरभर व्हायचा, आणि एका फेरीत मी परत यायचे. वहिनी म्हणायच्या, "आता तुम्ही घरी आहात की नाही ते आम्हाला वरपर्यंत कळतं." सिस्टरांच्या कागदी पट्टीवरचा आकडा दर बुधवारी थोडा खाली येत गेला. मावशी तो मोठ्याने विचारून घ्यायच्या आणि स्वतःच्या आकड्याशी ताडून बघायच्या. दोनदा त्या माझ्यापुढे होत्या.

श्रावणात जखम मिटली. डॉक्टरांनी नवी गुलाबी कातडी अंगठ्याने दाबून बघितली आणि म्हणाले, "राहिला. अंगठा राहिला." बाहेर मावशी म्हणाल्या, "धाच्या धा? मिरवा मंग आता."

डॉक्टरांनी जाताना एक काम लावून दिलं. हा पाय आता काही सांगणार नाही, म्हणाले. काटा रुतला, भाजलं, बूट चावला, काही सांगणार नाही. रोज बघायचं. तळवा आपल्याला दिसत नाही, म्हणून आरशात.

म्हणून संध्याकाळी दिवा लावून झाला की मी खुर्चीत बसते, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेते आणि तळव्याखाली हातआरसा धरते. आधी टाच, मग मधला भाग, मग चवडा, मग बोटांमधल्या फटी. आरशात सगळं उलटं दिसतं, उजवी कड डावीकडे जाते, त्यामुळे वेळ लागतो. अर्ध्यातच उठावंसं वाटतं, अजून वाटतं. तेवढ्यात कुठली तरी फट बघायची राहून जाते. मग मी आरसा पुसते आणि पुन्हा टाचेपासून सुरुवात करते.